गरम असताना हात लावू नये

बॅटरी: ठीक

आमच्या गॅरेजच्या मागच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: गरम असताना हात लावू नये.

वाक्य माझ्या सासऱ्यांचं, अप्पांचं. तरुणपणी त्यांनी एका तापलेल्या गाडीच्या रेडिएटरचं झाकण उघडलं आणि वाफेने उजवा हात कोपरापर्यंत सोलून निघाला. त्या हातावरची कातडी अजून चकचकीत आहे. पाहुणे आले की लोक लग्नाचे फोटो दाखवतात, अप्पा बाही वर करतात.

तेव्हापासून आमच्याकडे आलेली गाडी आधी नुसती उभी राहते. बॉनेट उघडायचं, चहा घ्यायचा, गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा मारायच्या, आणि इंजिनवर तळहात टेकवता आला की मग पार्ट तपासायचा मीटर काढायचा. मीटर काढतो माझा नवरा. बाजारात त्याचं नावच मीटर पडलं आहे. अंदाजाने पार्ट बदलणाऱ्या मेकॅनिकांचा विषय निघाला तरी त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही, हा त्याचा नियम. गरम असताना हात लावायचा नाही, हा त्याच्या वडिलांचा.

दोन्ही नियम उत्तम आहेत. एकेकटे.

इग्निशन कॉइल: ठीक

गाडी माझी. गॅरेजच्या बाजूच्या खोलीत मी ड्रायव्हिंग स्कूल चालवते. स्कूल म्हणजे दोन खुर्च्या, रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता आणि ही गाडी. जुनी आहे, पण इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली. म्हणजे ठिणगी टाकायला आत मॉड्यूल नावाचा एक छोटा डबा, आणि त्या डब्याला "आता" असं सांगायला डिस्ट्रिब्युटरमध्ये बरणीच्या झाकणाएवढी तारेची एक गुंडाळी. तिला पिकअप कॉइल म्हणतात. तिने "आता" म्हटलं नाही तर डबा गप्प, डबा गप्प तर ठिणगी नाही, ठिणगी नाही तर गाडी जागच्या जागी. आमच्या घराची रचनाही साधारण अशीच आहे. फक्त घरात "आता" म्हणणारं कोणी नव्हतं.

सकाळच्या गारव्यात माझे विद्यार्थी येतात. अर्ध्या अर्ध्या तासाने बदलतात. गिअर ओरबाडतात, वळणावर डोळे मिटतात, एकाने तर दूधवाल्याची सायकल दुमडली. पण गाडी तापून अशी मधेच मान टाकते, असं कोणाच्या हातून झालं नाही. ते व्हायचं एकाच विद्यार्थिनीच्या हातून. माझ्या सासूबाईंच्या.

सासूबाई साठीच्या पुढच्या. शिकायला यायच्या भर दुपारी, अप्पा आडवे झाले की. पायात माझे बूट, टोकाला कागदाचे बोळे कोंबलेले. पहिल्या दिवशी गाडीत बसल्या, वरच्या आरशात बघून केस नीट केले आणि म्हणाल्या, "हं. ह्यात आणखी काय काय दिसतं?"

"मागचं दिसतं, आई."

"मागचं मला पाठ आहे. पुढचं शिकव."

प्लग: ठीक. प्लगच्या वायरी: ठीक

त्यांना हे सगळं कशासाठी हवं होतं, ते सांगते.

त्यांची धाकटी बहीण ह्याच शहरात राहते. नदीपलीकडे, मोठा पूल ओलांडून, रेल्वे फाटकाच्याही पुढे. मीटर शाळेत असताना हे सगळे तिच्याकडे जेवायला गेले होते. बहिणीचे यजमान, म्हणजे काका, बोलके गृहस्थ. पानावर बसल्या बसल्या म्हणाले, "तुमच्या गॅरेजातून आणलेली गाडी अगदी मस्त चालते हो. घरी पोचता पोचताच काय ती बंद पडते."

सगळे हसले. आधी सासूबाईच हसल्या, असं त्या सांगतात. अप्पा लाल झाले, उठले आणि म्हणाले, "आत्ता नको. डोकं गरम आहे. थंड झाल्यावर बोलू."

मीटरच्या दाढीत आता पांढरे केस आले आहेत. डोकं अजून थंड व्हायचं आहे.

अप्पांनी कधी "जाऊ नकोस" म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. ते म्हणत, "मी अडवलंय का? आपण सगळेच जाऊ की, गाडीने. जरा थंड होऊ दे." बसने जायला सासूबाई तयार नव्हत्या. "बसने गेले तर लपूनछपून आल्यासारखं दिसेल," त्या म्हणायच्या. "मला स्वतःच्या हाताने दारात गाडी लावायची आहे. ह्याच गॅरेजातली. आणि हॉर्न वाजवायचाय."

भिंतीवरचं वाक्य गॅरेजातून घरात केव्हा आलं ते कोणालाच आठवत नाही. मी आले तेव्हा ते आधीच दिवाणखान्यात बसलेलं होतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी एकदा चांगली कंबर कसून भांडायला उभी राहिले. काय कारण होतं? मोठं होतं. अप्पा म्हणाले, "सूनबाई, थंड झाल्यावर बोलू." रात्री जेवताना सगळ्यांनी हातातले घास थांबवून माझ्याकडे बघितलं, हं, बोल. मला काही बोलताच येईना. थंड झाल्यावर माझ्यात कसलाच दोष सापडला नाही.

डिस्ट्रिब्युटरचं झाकण: ठीक

परीक्षेच्या मैदानात सगळ्यात शेवटी सिमेंटचा एक चढ आहे. चढायचं, माथ्यावर पांढरी रेघ आहे तिथे थांबायचं, मग पलीकडे उतरायचं. गाडीत उमेदवार एकटा. परीक्षक खाली छत्री रोवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत. रांग ही एवढी. इंजिन चालू ठेवून उन्हात एकेक गाडी पुढे सरकवायची, कारण बंद केलं की मागचे हॉर्न मारतात.

पहिल्या वेळी सासूबाई चढल्या, माथ्यावर पोचल्या आणि गाडी बंद पडली.

दुसऱ्या वेळी चढल्या, पोचल्या, बंद पडली.

"नापास," परीक्षक म्हणाला.

"अहो, मी नाही बंद केली. ती आपली आपण पडली."

"आजी, गाडी बंद पडली की नापास. कोणी पाडली ते मी बघत नाही."

"मग तुम्ही बघता तरी काय?"

"पुढचा!" परीक्षक म्हणाला.

सरावातही तेच. मैदानापर्यंत गाडी न्यायची, आठ काढायचे, मागे घ्यायची, आणि शेवटी चढ. माथ्यावर पोचलं की इंजिन एकदा हुंदका दिल्यासारखं करायचं आणि गप्प. मग आम्ही दोघी कडेच्या झाडाखाली डबा उघडून बसायचो. डबा संपेपर्यंत गाडीचा राग गेलेला असायचा. किल्ली फिरवली की सुरू. ह्याची इतकी सवय झाली की सासूबाई चढाला लागल्या लागल्याच विचारायच्या, "आज डब्यात काय?"

मॉड्यूल: ठीक

"तुझी आई चालवते तेव्हा गाडी बंद पडते."

"क्लच सोडत असेल ती."

"मी शेजारी असते. नाही सोडत."

"मग गाडीत दोष हवा," मीटर म्हणाला. "गाडीत दोष नाही. मी मोजलंय."

"कधी मोजलंस?"

"संध्याकाळी. गार झाल्यावर."

"अरे, ती बंद पडते दुपारी. तापल्यावर."

"तापलेल्या गाडीचं काय मोजायचं? सगळ्या पार्टांचे आकडे गार असतानाचे दिलेले असतात. गरम झाल्यावर कोणाचाही आकडा थोडा वर जातोच."

"म्हणजे माणसं गाडी गार असताना चालवतात?"

"माझ्यावर कशाला चिडतेस? आकडे मी बनवलेत का?"

"आकडे बाजूला ठेव! तुझी आई दोनदा त्या माणसासमोर मान खाली घालून आली, आणि तू तिला सरळ खोटं ठरवतोस, वर मला आकडे ऐकवतोस, अरे तुला एवढंही कळत नाही की ह्या घरात एवढी वर्षं ती—"

आतल्या खोलीतून अप्पा खाकरले.

थंड झाल्यावर:

"चहा घेणार?"

"अर्धा."

झाडाखाली (हा पार्ट नाही)

"मला एक सांग," सासूबाई म्हणाल्या. तोंडात घास होता. गाडी माथ्यावर, बॉनेट उघडं, लांबून जांभई दिल्यासारखी दिसत होती. "ती इथे बंद पडते. आपण जेवतो. ती सुरू होते. मग आपण घरी नेतो, ती रात्रभर झोपते, आणि मग तुझा नवरा तिची नाडी बघतो."

"हो."

"झोपून उठलेल्या माणसाची नाडी कशी असणार? ह्यांचं बीपी बघ. सकाळी डॉक्टर मोजतात तेव्हा उत्तम. मोजायचं असेल तर मी बहिणीचं नाव काढते तेव्हा मोजावं. पट्टा फाटेल."

"मग काय करायचं, आई? इथे मीटर घेऊन यायला तो तयार नाही. भिंतीवर लिहिलंय ना."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "भिंतीवर ना," त्या म्हणाल्या. "घरी भिंती पुष्कळ आहेत. सगळ्यांवर नाही लिहिलेलं."

अप्पा: तपासले नाहीत

अप्पांना हे कळणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. परीक्षकाची स्कूटर आमच्याच गॅरेजात येते, हे लक्षात घ्यायचं राहून गेलं. "तुमच्या मिसेस जिद्दीच्या आहेत हां," तो स्कूटर गार होण्याची वाट बघत अप्पांना म्हणाला. "चढापर्यंत छान येतात."

अप्पा चिडले नाहीत. दोन दिवस थंड होत राहिले. घरात त्यांच्या थंड होण्याचा आवाज येत होता: पेपर नेहमीपेक्षा जोरात उलटला जायचा, पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवला न जाता आपटला जायचा. तिसऱ्या दिवशी त्यांनी मीटरला बोलावलं.

"तुझ्या आईला सांग, शिकायला माझी ना नाही."

सासूबाई तिथेच, भाजी निवडत होत्या. "त्यांना सांग, ऐकलं मी."

"तिला सांग, पण माझ्या गॅरेजातल्या गाडीवर खापर फोडायचं नाही. रविवारी सगळे पार्ट काढून टेबलावर मांड. एकेक मोज. तिच्या डोळ्यांसमोर. म्हणजे तिचा संशय फिटेल आणि तिला शांतपणे क्लच शिकता येईल."

"त्यांना सांग," सासूबाई म्हणाल्या, "मी वाट बघते."

सगळे पार्ट, एकत्र: ठीक

रविवारी जेवणाच्या टेबलावर जुने पेपर अंथरले. अप्पा एका टोकाला, हातात चष्मा. सासूबाई समोर. मीटरने पार्ट ओळीने मांडले आणि एखादा निकाल वाचावा तसा एकेकावर मीटरची दोन टोकं ठेवत गेला.

"इग्निशन कॉइल. आकडा बघ, आई. ठीक."

"ठीक," अप्पा म्हणाले.

"झाकण. तडा नाही. ठीक."

"ठीक."

"मॉड्यूल मी काल मित्राच्या मशीनवर लावून आणलाय. ठीक. आणि ही पिकअप कॉइल. आठशे ओहम. जितके हवेत तितकेच."

"एकदम ठीक," अप्पा म्हणाले आणि चष्मा खिशात ठेवला. "बघितलंस? आता गाडीबद्दल मनात काही ठेवू नकोस. दोष असणं काही वाईट नाही. प्रत्येकात असतो. तुझा क्लचमध्ये आहे, एवढंच."

सासूबाई उठल्या. आत गेल्या. मला वाटलं रडायला गेल्या. त्या माझा हेअर ड्रायर घेऊन आल्या, भिंतीत पिन खोचली आणि म्हणाल्या, "आता गरम करून मोज."

"अगं, गरम असताना—"

"ते इंजिनाचं आहे. हे टेबल आहे."

मीटरने वडिलांकडे बघितलं, मग आईकडे. मोजायचं म्हटल्यावर त्याला नाही म्हणता येत नाही, तो त्याचा स्वभाव आहे. त्याने टोकं धरली. सासूबाईंनी ड्रायर लावला. पहिल्यांदा प्लगवर, मग मॉड्यूलवर, मग झाकणावर. काही नाही. अप्पा छताकडे बघून गालात हसत होते. घरभर गरम धुळीचा वास सुटला. मग सासूबाईंनी ड्रायरचं तोंड पिकअप कॉइलकडे वळवलं.

आठशे. थोडं वर. आणखी थोडं वर.

"वर जातोच," मीटर म्हणाला. "गरम झाल्यावर सगळ्यांचाच—"

आकडा गेला.

कमी झाला नाही, वाढला नाही. गेला. जणू टेबलावर मोजायला काही नव्हतंच. मीटरने टोकं झटकली, पुन्हा लावली. काही नाही. आतली तार कुठेतरी तुटलेली होती. गार असताना तुटलेली टोकं एकमेकांना टेकून बसायची, तापली की बाजूला व्हायची.

सासूबाईंनी ड्रायर बाजूला घेतला. थोड्या वेळाने आकडा परत आला, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. आठशे.

"बघ," अप्पा म्हणाले, "आला की परत. खराब असती तर परत आला असता का?"

मीटरने स्वतः ड्रायर हातात घेतला. गरम केलं, आकडा गेला. थांबला, आकडा आला. गरम केलं, गेला. मी त्याच्याकडे बघत होते. ह्या माणसाशी मी लग्न केलं तेव्हाही त्याचा चेहरा इतका गंभीर नव्हता.

"अप्पा," तो म्हणाला, "मोजलं गेलं."

कोणी गेल्याची बातमी द्यावी तसं म्हणाला. अप्पांनी खिशातला चष्मा काढला, घातला, आकड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या चकचकीत हाताकडे. आयुष्यभर गार करून तपासलेल्या आणि ठीक म्हणून पाठवलेल्या गाड्या बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करून जात होत्या, आणि घरी पोचता पोचता एकेक करून थांबत होत्या.

"माझ्या बहिणीची गाडीही आपल्याकडेच यायची," सासूबाई म्हणाल्या.

अप्पांचे कान लाल झाले. "ह्यावर आपण थंड झाल्यावर—"

ते थांबले. कोणी अडवलं नव्हतं. ड्रायर आता पुन्हा सासूबाईंच्या हातात होता, चालू होता, आणि त्याचं तोंड कसं कोण जाणे अप्पांकडे वळलेलं होतं.

पिकअप कॉइल: नवी

परीक्षेच्या दिवशी अप्पा स्वतः मैदानावर आले. मीटर गॅरेजात राहिला आणि फोन करत राहिला. रांग नेहमीसारखी, ऊन नेहमीसारखं, इंजिन चालू. सासूबाईंनी आठ काढले, मागे घेतली, चढाला लागल्या. मी आणि अप्पा कुंपणाजवळ उभे होतो आणि मी श्वास धरून होते, कारण आता तो हुंदका येणार होता, पण तो आला नाही, इंजिन गुरगुरत राहिलं, गाडी माथ्यावर पोचली, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आजवर तिथे गाडी नेहमी आपली आपणच थांबत आली होती. मी शिकवणारी, आणि माथ्यावर ब्रेक दाबायचा असतो हे मी सासूबाईंना एकदाही शिकवलं नव्हतं. तिथे डबा उघडायचा असतो, एवढंच आम्हा दोघींना माहीत होतं. पांढरी रेघ चाकांखालून गेली. गाडी रुबाबात पलीकडे उतरली, दोन रबरी शंकू आडवे केले, परीक्षकाची छत्री खुर्चीसकट थोडी पुढे नेली (परीक्षक वेळीच उठला होता, त्याचं चापल्य मला पहिल्यांदाच दिसलं), आणि मग तिथे, सपाटीवर, इतकी सुरेख थांबली की पुस्तकात फोटो छापावा.

"नापास!" परीक्षक छत्री शोधत ओरडला. "आजी, रेघेवर थांबायचं होतं!"

"हो ना," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "चुकलंच माझं."

हे त्या ज्या आवाजात म्हणाल्या, तसा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. एखादीने नवा दागिना दाखवावा तसा. फोन वाजला.

"पडली का बंद?" मीटरने विचारलं.

"नाही."

"म्हणजे पास!"

"नाही."

तिकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "गाडीत काय निघालं?"

"गाडीत काही नाही रे. आई नापास झाल्यात. स्वतःच्या चुकीने."

मी जाऊन शेजारच्या सीटवर बसले. अप्पा मागचं दार धरून उभे होते. त्यांना काहीतरी सांत्वनाचं म्हणायचं होतं आणि काय ते सापडत नव्हतं, कारण त्यांनी आणलेलं सगळं सांत्वन गाडी बंद पडण्यासाठीचं होतं.

"असू दे," शेवटी ते म्हणाले. "गाडी तापलीये. तूही तापली असशील. घरी जाऊ, गार होऊ, मग शांतपणे ठरवू."

सासूबाईंनी आरशात बघितलं. ह्या वेळी केस नीट केले नाहीत, मागचं बघितलं. मग मला विचारलं, "शिकाऊ लायसन्सवर, तू शेजारी असलीस, तर मला कुठवर चालवता येतं?"

"कुठवर म्हणजे?"

"म्हणजे फाटकाच्या पुढे?"

आम्ही दोघींनी इतके दिवस घाम गाळला, तीनदा ह्या रांगेत उभ्या राहिलो, आणि मी, जिच्या भिंतीवर नियमांचा तक्ता टांगलेला आहे, तिच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. "कुठेही येतं, आई," मी म्हणाले. "पहिल्या दिवसापासून येत होतं."

"अहो," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या, "बसा. दार नीट लावा."

"अगं पण गाडी गरम—"

"हो. म्हणूनच."

अप्पा बसले. नदीवरचा पूल आला, गेला. रेल्वे फाटकाशी थांबावं लागलं, इंजिन चालू, उन्हात, आणि तिघेही तो हुंदका ऐकू येतो का ते ऐकत होतो, मी माझ्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, सासूबाई स्टिअरिंग घट्ट धरून, आणि अप्पा मान पुढे काढून, डोळे मिटून, डॉक्टर छातीला नळी लावतात तसे. मालगाडी संपता संपेना. इंजिन गुरगुरत राहिलं. फाटक उघडलं आणि अप्पांनी सुस्कारा टाकला. तो कशाचा होता, त्यांनाही ठरवता आलं नसावं.

बहिणीच्या दाराशी सासूबाईंनी ब्रेक लावला, वेळेवर, स्वतःच्या पायाने. मग हॉर्न वाजवला. गरजेपेक्षा बराच जास्त वाजवला. मावशी केस बांधत बाहेर आल्या, थबकल्या, आणि पायात चपला नाहीत हे विसरून तशाच धावल्या. दोघी बहिणी खिडकीतूनच एकमेकींना धरून बोलायला लागल्या, दोघी एकदम, त्यामुळे कोणाचंच काही कळत नव्हतं.

त्यांच्या मागून काका आले. पोट सुटलेलं, केस गेलेले, पण हसू तेच असावं. त्यांनी बॉनेटकडे बघितलं, मग मागच्या खिडकीतून आत.

"पोचली?" त्यांनी विचारलं.

अप्पांचे कान लाल झाले. मान लाल झाली. त्यांनी दार उघडलं, उतरले, आणि माझ्या पायाखाली आपोआप ब्रेक दाबला गेला. ते नेहमीचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

"बोला ना," सासूबाई स्टिअरिंगमागून म्हणाल्या. "आत्ताच बोला."

अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला असणार, पण हात काढला नाही. तोच हात, चकचकीत.

"पिकअप कॉइल होती," ते म्हणाले. आवाज मोठा होता, भांडायचा होता, आणि शब्द भलतेच निघत होते. "गरम झाली की जायची. तुझीही बहुतेक तीच असणार."

काकांनी बॉनेटवरच्या त्या हाताकडे बघितलं. "एवढंच होतं? मग तेव्हा कोणी बघितली कशी नाही?"

"बघितली होती रे," अप्पा म्हणाले. "थंड झाल्यावर."